फ्रँकेन्स्टाइन : अवतरणे पाठ कशी करावीत आणि उत्तरात कशी वापरावीत?

कयाधूकाठ (हिंगोली)

नमस्कार. मी एम. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झाले. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी मी मूळ इंग्रजीतून पूर्ण वाचली आहे आणि तिचे कथानक, पात्रे, काळ हे सारे मला कोणालाही नीट समजावून सांगता येते. अडचण आहे ती अवतरणांची. आमच्या अभ्यासिकेत झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली एक यादी सर्वांच्या हातात आहे. तिच्यात कादंबरीतील कितीतरी वाक्ये एकाखाली एक छापलेली आहेत, पण वाक्य कोणाच्या तोंडचे आहे हे बहुतेक ठिकाणी लिहिलेले नाही. काही मैत्रिणी ती यादी रोज सकाळी मोठ्याने म्हणतात. पाठांतराची सवय मलाही लहानपणापासून आहे. कविता आणि श्लोक मला सहज पाठ होतात. इंग्रजी गद्यातले लांब वाक्य मात्र दोन दिवसांत विस्कटते. मग अर्धवट आठवलेले वाक्य उत्तरपत्रिकेत लिहावे की टाळावे, हे ठरत नाही.

ज्यांनी ही कादंबरी शिकवली आहे किंवा तिच्यावर परीक्षा दिली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. किती अवतरणे पुरेशी आहेत, ती कोणत्या निकषावर निवडावीत आणि लक्षात कशी ठेवावीत, एवढे कळले तरी मला पुढचा अभ्यास आखता येईल.

जुना वाचक (परभणी)

कयाधूकाठ, आपण कादंबरी मूळातून वाचली आहे, म्हणजे अर्धे काम झालेले आहे. संख्येचे उत्तर आधी देतो. दहा ते पंधरा अवतरणे नीट आत्मसात झाली, तर या कादंबरीवरचा कोणताही प्रश्न लिहिता येतो. बाकीची यादी बाजूला ठेवावी.

आता निवडीविषयी. ही कादंबरी एकात एक बसवलेल्या तीन निवेदनांतून सांगितलेली आहे. सर्वांत बाहेर कॅप्टन रॉबर्ट वॉल्टन आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेतून तो इंग्लंडमधल्या बहिणीला, मार्गारेट सॅव्हिलला, पत्रे लिहितो. त्याच्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची कहाणी आहे आणि व्हिक्टरच्या कहाणीत त्याने निर्माण केलेल्या जीवाची, म्हणजे ज्याला आपण वर्गात क्रीचर म्हणतो त्याची, कहाणी आहे. अशा रचनेच्या कादंबरीत सुटे वाक्य असे काही नसतेच. त्यामुळे प्रत्येक वाक्याबरोबर ते कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि त्या क्षणी बोलणाऱ्याला समोरच्याकडून काय हवे आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. यांपैकी शेवटच्या गोष्टीकडे विद्यार्थी सहसा लक्ष देत नाहीत, आणि खरे उत्तर तिथूनच सुरू होते.

एक उदाहरण घेतो. ‘आय वॉज बेनेव्होलंट अँड गुड, मिझरी मेड मी अ फीन्ड’ हे वाक्य प्रत्येक यादीत असते. मी प्रेमळ आणि भला होतो, दुःखाने मला सैतान केले, असे क्रीचर म्हणतो. विद्यार्थी हे वाक्य उतरवून घेतात आणि पुढे लिहितात की समाज माणसाला दुष्ट बनवतो हे यातून सिद्ध होते. पण हे वाक्य उच्चारले जाते ते आल्प्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर. निर्मितीच्या रात्रीनंतर निर्माता आणि निर्मिती प्रथमच समोरासमोर बोलत आहेत. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम मारला गेलेला आहे, घरातील निरपराध मोलकरीण जस्टिन हिला फाशी झालेली आहे आणि व्हिक्टर या जीवाला ठार करण्याच्या आवेशात आहे. अशा वेळी क्रीचरला आधी आपले म्हणणे ऐकून घेतले जायला हवे आहे. म्हणून लगेच पुढचे वाक्य येते : ‘मेक मी हॅपी, अँड आय शॅल अगेन बी व्हर्च्युअस’, मला सुखी कर, मी पुन्हा सद्गुणी होईन. ही बाजू मांडणाऱ्याची भाषा आहे, तिच्यात आर्जव आहे आणि अट सुद्धा आहे. दोन्ही वाक्ये एकत्र ठेवली की क्रीचर केवळ दयेचा विषय राहत नाही. तो युक्तिवाद करणारा, आपली नैतिक जबाबदारी निर्मात्याच्या सुखदानाला बांधून टाकणारा वक्ता दिसू लागतो. पहिले वाक्य एकटे पाठ केले तर यातले काहीच हाती लागत नाही.

याच भेटीत तो ‘मी तुझा आदम असायला हवा होतो, पण मी तर पतित देवदूत झालो आहे’ अशा अर्थाचे वाक्य बोलतो. ते मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’शी जोडूनच लक्षात ठेवावे. कादंबरीच्या मुखपृष्ठामागील पानावर त्याच महाकाव्याच्या दहाव्या सर्गातील आदमची तक्रार छापलेली आहे : हे निर्मात्या, मातीतून मला घडव अशी विनंती मी तुला केली होती का? वाचकाच्या हाती ही ओळ कथा सुरू होण्याआधीच पडते आणि क्रीचरच्या हाती तेच महाकाव्य पुढे रानात सापडलेल्या चामडी पेटीतून पडते. मुखपृष्ठामागील ओळ, पेटीतले पुस्तक आणि हिमनदीवरचे वाक्य हा एकच धागा आहे. तो कळल्यावर तीन अवतरणे वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

नांदेडहून (सेट-नेट अभ्यास)

सरांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. लेखी उत्तरासाठीचे पाठांतर आणि सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांसाठीची तयारी यांत फरक आहे. नेटच्या दुसऱ्या पेपरमध्ये प्रत्येकी दोन गुणांचे शंभर बहुपर्यायी प्रश्न असतात. तिथे वाक्य लिहायचे नसते, ओळखायचे असते. त्यामुळे पहिल्या पत्राचे पहिले वाक्य, अंधारात आणि दूर अंतरावर लाटांबरोबर नाहीसे होण्याचे शेवटचे वाक्य, ‘द मॉडर्न प्रोमिथिअस’ हे उपशीर्षक, मिल्टनची ओळ आणि लेखिकेचे वडील विल्यम गॉडविन यांना केलेली अर्पणपत्रिका एवढे डोळ्यांखालून वारंवार घालावे. पहिली आवृत्ती १ जानेवारी १८१८ रोजी लेखिकेच्या नावाविना तीन खंडांत निघाली आणि तिची प्रस्तावना लेखिकेचे पती, कवी पर्सी शेली यांनी लिहिली होती, हेही लक्षात असावे. १८३१ च्या आवृत्तीची प्रस्तावना मात्र मेरी शेली यांची स्वतःची आहे. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनने भुताची गोष्ट लिहिण्याची सूचना मांडली, तो प्रसंग तिच्यातच आला आहे.

चित्रपटातून आलेल्या गोष्टींपासूनही सावध राहावे. ‘इट्स अलाइव्ह’ हा उद्गार १९३१ च्या चित्रपटातला आहे, तो कादंबरीत नाही. निर्मितीच्या दृश्यात विजेचा लोळ नाही आणि कुबडा मदतनीसही नाही. कादंबरीत आहे ती नोव्हेंबरमधली उदास रात्र. रात्रीचा एक वाजलेला आहे, खिडकीच्या तावदानांवर पाऊस वाजतो आहे आणि मेणबत्ती जवळजवळ संपलेली आहे. त्या उजेडात व्हिक्टरला एक निस्तेज पिवळा डोळा उघडताना दिसतो. ‘इट वॉज ऑन अ ड्रिअरी नाइट ऑफ नोव्हेंबर’ एवढे शब्द पाठ ठेवले आणि बाकीचे तपशील स्वतःच्या भाषेत लिहिले, तरी परीक्षकाला कादंबरी वाचल्याची खात्री पटते.

कयाधूकाठ (हिंगोली)

दोन्ही सरांचे मनापासून आभार. प्रकरणांच्या क्रमांकाविषयी एक शंका आहे. निर्मितीचा प्रसंग माझ्याकडील प्रतीत पाचव्या प्रकरणात आहे, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयातील प्रतीत तो पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात आहे. उत्तरात कोणता क्रमांक लिहावा?

जुना वाचक (परभणी)

ग्रंथालयातील प्रत १८१८ च्या पाठाची असावी आणि आपली १८३१ च्या पाठाची. १८१८ मध्ये तीन खंडांत अनुक्रमे सात, नऊ आणि सात अशी तेवीस प्रकरणे होती. १८३१ मध्ये सुरुवातीच्या प्रकरणाची वाढ होऊन त्याची दोन झाली आणि एकूण चोवीस प्रकरणे सलग क्रमांकाने छापली गेली. म्हणून पहिले प्रकरण सोडले, तर जुन्या मांडणीतील प्रकरणे सलग मोजून त्यांत एक मिळवला की नवा क्रमांक येतो. दुसऱ्या खंडाचे दुसरे प्रकरण म्हणजे सात अधिक दोन, अधिक एक, म्हणजे दहावे. हिमनदीवरची भेट तिथेच आहे.

उत्तरात मात्र क्रमांकाऐवजी प्रसंग लिहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘मेर द ग्लासवरील भेटीत’, ‘ऑर्कनी बेटावर दुसऱ्या निर्मितीचा नाश केल्यानंतर’, ‘वॉल्टनच्या जहाजावर मरणापूर्वी’ असे लिहिले की आवृत्ती कोणतीही असली तरी संदर्भ अचूक राहतो.

आवृत्तीभेद जिथे आशयालाच स्पर्श करतो तिथे तो जरूर सांगावा. एलिझाबेथ १८१८ च्या पाठात व्हिक्टरच्या आत्याची मुलगी आहे, तर १८३१ च्या पाठात ती इटलीत एका गरीब कुटुंबाकडे वाढणारी आणि फ्रँकेन्स्टाइन कुटुंबाने घरी आणलेली मुलगी आहे. वॉल्टनच्या तोंडचे, आपल्याला हव्या असलेल्या ज्ञानासाठी एका माणसाचे जगणे-मरणे ही फार थोडी किंमत आहे, हे वाक्यही १८३१ च्या पाठातले आहे. महत्त्वाकांक्षेवरील उत्तरासाठी ते अत्यंत उपयोगी आहे, कारण व्हिक्टर आपली कहाणी सांगायला तयार होतो तो वॉल्टनमधला हा उन्माद ओळखूनच.

अंबाजोगाईकर

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. लक्षात कसे ठेवावे या प्रश्नावर लिहिते.

आपल्या भागातील मुलामुलींनी कीर्तन ऐकलेले असते. कीर्तनकार निरूपण करताना मध्येच एखाद्या अभंगाचा चरण किंवा ज्ञानेश्वरीतील ओवी प्रमाण म्हणून देतात. ते प्रमाण लहान असते, नेमक्या जागी येते आणि त्याच्या आधी ते कशासाठी दिले जात आहे हे श्रोत्याला कळलेले असते. चांगला कीर्तनकार नुसत्या प्रमाणांची माळ लावत नाही. मी वर्गात अवतरणाला प्रमाणच म्हणते. ‘हे कशाला प्रमाण आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारला की मुले स्वतःहून वाक्य छाटू लागतात.

छाटणे फार आवश्यक आहे. मेरी शेली यांची वाक्ये लांब असतात आणि त्यांत अर्धविराम पुष्कळ असतात. संपूर्ण वाक्य पाठ करणे हा कष्टाचा अपव्यय आहे. ‘लर्न फ्रॉम मी, इफ नॉट बाय माय प्रिसेप्ट्स, अॅट लीस्ट बाय माय एक्झाम्पल’ हा तुकडा स्वतंत्रपणे उभा राहतो. पुढचा भाग, म्हणजे ज्ञान मिळवणे किती धोक्याचे आहे आणि स्वतःच्या गावालाच जग मानणारा माणूस किती सुखी असतो, हा आपल्या शब्दांत सांगता येतो. चार ते आठ शब्दांचा तुकडा स्वतःच्या वाक्यात ओवला तर तो विसरत नाही आणि व्याकरणही बिघडत नाही. अर्धवट आठवलेले वाक्य अवतरणचिन्हांत घालू नये. आशय सांगावा आणि जेवढ्या शब्दांची खात्री आहे तेवढेच चिन्हांत ठेवावेत.

आता रोजच्या सरावाविषयी. यादी मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचली की पाठ झाल्याचा भास होतो, कारण शब्द डोळ्यांसमोर असतात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उतारा वारंवार वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. परंतु आठवड्यानंतर, वाचलेले न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. म्हणून वहीच्या डाव्या पानावर फक्त प्रसंग लिहावा, उजव्या पानावर अवतरण लिहून ते झाकावे आणि प्रसंग वाचून वाक्य आठवून लिहावे. काही दिवस मध्ये जाऊ द्यावेत आणि मग पुन्हा लिहावे. वाक्याकडून प्रसंगाकडे जाण्याचा उलटा सरावही करावा, कारण बहुपर्यायी प्रश्नात तोच लागतो. मोठ्याने म्हणायला माझा विरोध नाही. इंग्रजी वाक्याचा ताल कानात बसण्यासाठी त्याचा उपयोग होतोच, फक्त त्यावर थांबू नये.

मांजराकाठ (लातूर)

मी थोडे वेगळे मत मांडू इच्छितो आणि ते प्रामाणिकपणे मांडतो. मी अनेक वर्षे स्पर्धात्मक वातावरणातील विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. मर्यादित वेळेत चार-पाच दीर्घ उत्तरे लिहिणाऱ्या मुलाकडून प्रत्येक अवतरणाचा प्रसंग, श्रोता आणि हेतू उलगडण्याची अपेक्षा ठेवली, तर त्याचे शेवटचे उत्तर अपुरे राहते. विषयवार यादी हे वाईट साधन नाही. महत्त्वाकांक्षा, एकाकीपणा, निर्मात्याची जबाबदारी, निसर्ग, स्त्रिया अशा शीर्षकांखाली प्रत्येकी दोन-तीन वाक्ये तयार असली तर भीती कमी होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजी लेखनात पहिला आधार अशा तयार वाक्यांचाच मिळतो, आणि त्या आधाराला कमी लेखू नये.

शिवाय यादीत स्त्रियांची वाक्ये घ्यावीत असे मी मुद्दाम सुचवतो, कारण सर्वजण व्हिक्टर आणि क्रीचर यांच्यावरच थांबतात. ‘आय डिड कन्फेस, बट आय कन्फेस्ड अ लाय’ हे जस्टिनचे तुरुंगातील वाक्य आहे. धर्मगुरूच्या दडपणाखाली तिने खोटी कबुली दिलेली आहे. तिच्या फाशीनंतर एलिझाबेथ म्हणते की आता माणसे मला एकमेकांच्या रक्ताला तहानलेले राक्षस वाटतात. कादंबरीत राक्षस हा शब्द माणसांना उद्देशून एका शांत स्वभावाच्या मुलीने वापरावा, ही एकच गोष्ट उत्तराला वेगळी उंची देते.

जुना वाचक (परभणी)

मांजराकाठ, जस्टिन आणि एलिझाबेथ यांची वाक्ये सुचवून आपण या चर्चेत मोलाची भर घातली आहे. ती दोन्ही मी कयाधूकाठ यांच्या पंधरांत समाविष्ट करायला सांगेन. नवशिक्या विद्यार्थ्याला आधार हवा असतो, हेही मला पूर्ण मान्य आहे. विषयवार शीर्षकांविषयी मात्र माझा मतभेद कायम आहे, आणि तो वेळेच्या हिशेबाचा नाही. शीर्षकाखाली ठेवलेले वाक्य त्या शीर्षकाला सोयीचे तेवढेच उरते आणि त्याचा उरलेला भाग गळून पडतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण व्हिक्टरच्या शेवटच्या शब्दांचे आहे.

‘सीक हॅपिनेस इन ट्रँक्विलिटी अँड अव्हॉइड अँबिशन’ हे वाक्य महत्त्वाकांक्षा या शीर्षकाखाली हमखास सापडते. शांततेत सुख शोध आणि महत्त्वाकांक्षा टाळ, असे व्हिक्टर मरताना वॉल्टनला सांगतो. विद्यार्थी लिहितो की व्हिक्टरला अखेर उपरती झाली आणि हाच कादंबरीचा संदेश आहे. परंतु त्याच श्वासात व्हिक्टर पुढे विचारतो की मी असे का म्हणतो आहे? माझ्या आशा जळून गेल्या, तरी दुसरा कोणी यशस्वी होईल : ‘येट अनदर मे सक्सीड’. कादंबरीतील त्याचे अखेरचे शब्द हे आहेत. ज्याच्यामुळे विल्यम, जस्टिन, मित्र क्लर्व्हल आणि पत्नी एलिझाबेथ गेले, त्याच्या मनात मरणाच्या क्षणीही तो अंगार शिल्लक आहे. थोड्याच दिवसांपूर्वी, परत फिरण्याची मागणी करणाऱ्या खलाशांना त्याने बर्फाला न भिता पुढे जाण्याचे आवेशपूर्ण भाषण दिलेले आहे. एवढे असूनही हा माणूस सुधारला असे लिहिणे म्हणजे लेखिकेने जे उघडे ठेवले ते आपण बंद करणे होय.

वॉल्टन जहाज परत फिरवतो हे खरे. पण तो व्हिक्टरच्या उपदेशाने नव्हे, तर खलाशांच्या आग्रहाने फिरतो आणि त्याबद्दल तो कष्टीही आहे. हे सारे एका अर्धवट वाक्यामुळे हातातून निसटते. म्हणून मी शीर्षकांऐवजी जोड्या करायला सांगतो. एका वाक्यासमोर त्याला छेद देणारे दुसरे वाक्य ठेवावे. नव्या जीवांची जात मला आपला निर्माता म्हणून दुवा देईल, असे व्हिक्टर निर्मितीआधी म्हणतो. त्याच्यासमोर क्रीचरचा ‘कर्स्ड, कर्स्ड क्रिएटर’ हा आक्रोश ठेवावा. ‘यू आर माय क्रिएटर, बट आय अॅम युअर मास्टर, ओबे’ हे वाक्य हिमनदीवरच्या विनवणीसमोर ठेवावे, म्हणजे विनवणी करणारा जीव हुकूम सोडण्यापर्यंत कसा पोहोचला हे एका परिच्छेदात लिहिता येते. अशी जोडी आठवायला सोपी असते. वेळेचा प्रश्नही तिनेच सुटतो, कारण जोडीतच उत्तराचा सांगाडा तयार असतो.

लेणापूर (छत्रपती संभाजीनगर)

मी बरेच दिवस हे मंडळ वाचत आहे. आज प्रथमच लिहीत आहे. अवतरणांच्या या चर्चेत डी लेसी यांच्या घरातील प्रसंग अजून आलेला नाही, आणि माझ्या दृष्टीने तो कादंबरीचा गाभा आहे.

क्रीचर त्या कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात राहून फटीतून त्यांचे जीवन पाहतो, त्यांची भाषा शिकतो आणि रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. शेवटी धीर करून तो एकट्या असलेल्या वृद्ध, अंध डी लेसीसमोर जातो. तो वृद्ध म्हणतो की मी आंधळा आहे, तुझ्या चेहऱ्यावरून मला काही ठरवता येत नाही, पण तुझ्या शब्दांत असे काही आहे ज्यावरून तू प्रामाणिक आहेस असे मला वाटते. काही क्षणांत घरची माणसे परत येतात आणि वृद्धाचा डोळस मुलगा फेलिक्स त्याला काठीने मारतो. संपूर्ण कादंबरीत क्रीचरचा चेहरा न पाहता त्याचे बोलणे ऐकून घेणारा हा एकच माणूस आहे.

हा प्रसंग आपल्याकडे वाचताना माझ्या मनात आपल्या भूमीचा इतिहास येतोच. ज्या शहरात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय उभे केले आणि जिथून ‘अस्मितादर्श’सारखे दलित साहित्याचे नियतकालिक निघाले, त्या शहरातील वाचकाने जन्माने मिळालेल्या देहामुळे उंबऱ्याबाहेर ठेवल्या गेलेल्याची कैफियत तटस्थपणे वाचावी, अशी अपेक्षा मला योग्य वाटत नाही. परंतु उत्तर लिहिताना हा संदर्भ कसा आणावा, याविषयी जाणकारांनी सांगावे. मी स्वतः प्रथम कादंबरीतील वाक्य आणि प्रसंग पूर्ण मांडतो आणि मग एका वाक्यात आपल्याकडील वाचनाचा उल्लेख करतो.

अंबाजोगाईकर

लेणापूर, आपली पद्धत योग्य आहे. एका गोष्टीची काळजी घ्यावी. क्रीचर पुढे विल्यमचा गळा दाबतो आणि जस्टिनवर आळ येईल अशी व्यवस्था करतो. बहिष्कृताची वेदना मांडताना ही कृत्ये झाकली, तर तुलना बहिष्कृतांवरच अन्याय करणारी ठरते, कारण त्यांच्या लढ्याचा मार्ग सूडाचा नव्हता. साम्य उंबऱ्यावर आहे आणि फरक त्यानंतरच्या वाटेत आहे. हे दोन्ही लिहिले तर संदर्भ उपरा वाटत नाही. परीक्षकही त्याचे स्वागतच करतात, असा माझा अनुभव आहे.

कयाधूकाठ (हिंगोली)

सर्वांच्या सूचना वाचून मी यादी बाजूला ठेवली आणि एक जोडी निवडून परिच्छेद लिहिला. मूळ इंग्रजीत लिहिलेला त्याचा आशय येथे मराठीत देत आहे :

‘आग या प्रतिमेतून कादंबरी ज्ञानाचे दुहेरी रूप दाखवते. रानात भटकणाऱ्या क्रीचरला भिकाऱ्यांनी सोडून दिलेली शेकोटी सापडते. ऊब मिळाल्याच्या आनंदात तो निखाऱ्यांत हात घालतो आणि भाजल्यावर त्याला आश्चर्य वाटते की एकाच कारणाचे “सच ऑपोझिट इफेक्ट्स” कसे व्हावेत. उपशीर्षकातील प्रोमिथिअस आग आणतो आणि शिक्षा भोगतो. इथे मात्र आग शोधणारा आणि शिक्षा भोगणारा हा निर्माता नसून निर्मिती आहे. डी लेसी कुटुंब निघून गेल्यावर हाच जीव त्यांचे घर पेटवतो आणि अखेरीस व्हिक्टरच्या मृतदेहाजवळ उभा राहून स्वतःच्या चितेवर “ट्रायम्फंटली” चढण्याची घोषणा करतो. ऊब देणारी, सूड घेणारी आणि अंत करणारी आग एकच आहे.’

यात अवतरणचिन्हांतील इंग्रजी शब्द फार थोडे आहेत, तेवढे पुरतील का?

मांजराकाठ (लातूर)

पुरतील. तीन प्रसंग अचूक आले आहेत आणि शब्द नेमके आहेत. शेकोटीचे मूळ वाक्य ‘हाउ स्ट्रेंज’ या उद्गाराने सुरू होते, तेही चिन्हांत घेतलेत तर त्याचा बालसुलभ अचंबा दिसेल. जोड्यांच्या पद्धतीविषयी सरांचे म्हणणे मला या परिच्छेदावरून पटू लागले आहे. माझ्या विद्यार्थ्यांसाठी मी शीर्षके ठेवेन, पण प्रत्येक शीर्षकाखाली परस्परांना छेद देणारी वाक्ये देईन.

जुना वाचक (परभणी)

कयाधूकाठ, परिच्छेद उत्तम आहे. शेवटचे वाक्य तेवढे काढून टाकावे, कारण त्याआधीच्या ओळींनी ते सांगितलेले आहे.

चितेच्या घोषणेचा उल्लेख आपण केलाच आहे, म्हणून आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ती आपल्या सर्वच अवतरणांना लागू पडते. वॉल्टन लिहितो की आपण कहाणीची टिपणे काढतो आहोत हे कळल्यावर व्हिक्टरने ती मागून घेतली आणि अनेक ठिकाणी स्वतःच्या हाताने दुरुस्त केली, वाढवली. म्हणजे हिमनदीवरचे क्रीचरचे बोलणे, डी लेसीची कहाणी, आदमचा दाखला हे सारे व्हिक्टरच्या स्मरणातून आणि त्याच्या दुरुस्तीतून आपल्यापर्यंत येते. तो जीव वक्तृत्वाने भुरळ घालतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, असे व्हिक्टर वॉल्टनला बजावतोही. याला अपवाद एकच आहे. अखेरच्या प्रसंगी व्हिक्टर मेलेला आहे, क्रीचर जहाजाच्या खोलीत उभा आहे आणि वॉल्टन त्याचे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकतो आहे. तिथे तो विचारतो : सारी मानवजात माझ्याशी पापाने वागली असताना मीच एकटा अपराधी मानला जावा काय?

‘मिझरी मेड मी अ फीन्ड’ आणि ‘अॅम आय टु बी थॉट द ओन्ली क्रिमिनल’ ही आपली पुढची जोडी असू द्या. दोन्हींतील तक्रार सारखीच आहे. पहिली व्हिक्टरच्या हातून आलेली आहे आणि दुसरीला त्याचा हात लागलेला नाही. त्या दोहोंत काय बदलले आणि काय तसेच राहिले, यावर एक परिच्छेद लिहून येथे द्यावा.